ललिता पवार : डोळा मंथरेचा, डोळा मिसेस डिसाचा

चुलबंदकाठी (धागाकर्ती)

सिनेनटी ललिता पवारांवर मराठीत काहीही वाचायला घ्या, लेख १९४२ साली शूटिंगमध्ये बसलेल्या थपडेपासून सुरू होतो आणि 'रामायण' मालिकेतल्या मंथरेवर संपतो. मधली ४५ वर्षं आणि थपडेआधीची १४ वर्षं कोणाच्या खिजगणतीत नसतात. मला त्यावरच बोलायचं आहे, पण आधी इकडची हकीकत.

आमच्या भंडाऱ्याकडच्या लाखांदूर-पवनी पट्ट्यात आजही एखादी सासू जास्तच कडक निघाली की बाया "ललिता पवार हाये थे" म्हणून मोकळ्या होतात. असं म्हणणाऱ्या तरण्या सुनांनी बाईंचा एकही सिनेमा पाहिलेला नसतो. पाहिलेली असते ती मंथरा, तीही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं तेव्हाची. आमच्या पिढीने ती पहिल्या खेपेला पाहिली. २५ जानेवारी १९८७ ला मालिका सुरू झाली, रविवारी सकाळी साडेनऊला. गावात टीव्ही एकच, पोलीस पाटलांच्या ओसरीत, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. शटरला हळदकुंकू लागायचं, मग ते उघडायचं. कवेलूवर एक पोरगा अँटेना धरून बसलेला आणि खालून सगळ्यांचा एकच ओरडा, "मुंग्या गेल्या, थांब तसाच!" मंथरा कैकेयीच्या महालात शिरली त्या रविवारी म्हाताऱ्यांनी कडाकडा बोटं मोडली. माझ्या शेजारची आजी तर पडद्याकडे बघून म्हणाली, "मरत काऊन नाई वो हे बुढी!"

आता गंमत बघा. दशरथ आणि कौसल्या मराठी आहेत, बाळ धुरी आणि जयश्री गडकर, खऱ्या आयुष्यातही नवराबायको, हे त्याच ओसरीत कौतुकाने सांगितलं जायचं. भरत म्हणजे संजय जोग, तोही आपला. कैकेयी मात्र पद्मा खन्ना. तिला फूस लावणारी बाई येवल्याची मराठी आहे, हे कोणी अभिमानाने सांगितल्याचं मला आठवत नाही.

येवला म्हणजे पैठणीचं गाव. १८ एप्रिल १९१६ चा जन्म. माहेरचं नाव अंबिका सगुण, वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटातून ती पडद्यावर आली तेव्हा परकराच्या वयाची होती. १९३२ साली 'कैलाश' आला. त्यात ती नुसती नायिका नव्हती, निर्मितीतही तिचा हात होता. वय सोळा! आमच्याकडे आज सोळाव्या वर्षी पोरीला एकटीने एसटीने पवनीला पाठवताना घरात बैठक बसते. बोलपट आल्यावरही नायिका म्हणून तिचं बरं चाललं होतं.

मग १९४२, 'जंग-ए-आझादी'. नट भगवानदादांनी तिला थापड मारायचा प्रसंग होता. हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. औषधपाणी वर्षानुवर्षं चाललं, पण डोळा बारीक राहिला तो राहिलाच. नायिकेची कामं संपली.

इथे लेखक मंडळी हमखास लिहितात की तिने दुर्दैवाचं सोनं केलं. मला हे वाक्य सोसत नाही. डोळा जाण्यात कसलं आलंय सोनं? बाईने काय केलं, तर पुन्हा काम मागितलं आणि आईची, सासूची, आत्याची, जी मिळतील ती कामं चोख केली.

आणि माझं म्हणणं हे की त्या डोळ्याला दुष्टपणा चिकटवला तो आपण. डोळा काही भूमिकेगणिक बदलत नव्हता. १९५९ च्या 'अनाडी'त मिसेस डिसा भाड्यासाठी राज कपूरवर करवादते आणि लगेच त्याला जेवायला वाढते, तेव्हाही चेहऱ्यावर तोच डोळा आहे. तिथे आपल्याला तो मायाळू दिसतो. फिल्मफेअरही त्याच भूमिकेला मिळालं, कुठल्या खाष्ट सासूला नाही. मग सगळ्यांच्या लक्षात मंथराच का राहिली?

---

अंबानगरीवाला

ताई, लेख जबरा. पन थापड मारनारा आमच्या गावचा होता हे कोनीच सांगत नाई! भगवानदादा १९१३ साली अमरावतीले जन्मले. म्हंजे गाल येवल्याचा अन् हात अमरावतीचा. मामाले सांगतलं तं थो म्हने, "आपल्या लोकायचा हात जडच रायते." आता याचा अभिमान धरावा का लाज, तुमीच सांगा.

मजाक सोडा. त्या मानसानं काई मुद्दाम नोयतं मारलं. पुढं १९५१ ले 'अलबेला' काढला, पैसा पाह्यला, बंगला-गाड्या पाह्यल्या, अन् शेवटी दादरच्या चाळीत दिवस काढले. आमच्या इकडच्या वरातीत पोट्टे अजून भगवानदादासारखेच नाचतात, कोनाचं नाचनं हाये हे मालूम नसते त्याह्यले.

---

तलावांचा_जिल्हा

मी गोंदियाकडे फिजिओथेरपी करतो, म्हणून एक जोड देतो. चेहऱ्याचे स्नायू हलवते ती सातवी नस. ती दुखावली की अर्धा चेहरा मालकाचं ऐकत नाही. हसायला जावं तर ओठ एकाच बाजूला जातो, भुवई एकच उचलली जाते. नस पुढे सावरली तरी पुष्कळदा अर्धवट सावरते, आणि मग बोलताना-हसताना डोळा आपोआप बारीक होतो. बघणाऱ्याला वाटतं, हा आपल्याकडे तिरका बघतोय.

नटाचं भांडवल म्हणजे चेहरा, आणि या बाईंचं अर्धं भांडवल गेलं. उरलेल्या अर्ध्यावर पाच दशकं काम! कसं केलं ते बघायचं असेल तर आवाज बंद करून त्यांचा कुठलाही प्रसंग लावा. मान बघा, खांदा बघा, पदर सावरणारा हात बघा. चेहऱ्याचं काम त्यांनी बाकी शरीराला वाटून दिलेलं दिसतं.

विषयाला सोडून एक, पण लिहितोच. अचानक तोंड वाकडं झालं तर "वारं लागलं" म्हणून भगताकडे नेऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेंदूचा झटका नाही ना, हे डॉक्टरांनी आधी तपासायला हवं. नुसती नस सुजली असेल तर गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या की सुधारणेची आशा पुष्कळ वाढते. डोळा मिटत नसेल तर रात्री पट्टी लावून झाकायचा, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. आमच्याकडे येतात ते पंधरा दिवस लेप लावून झाल्यावर.

---

तूरडाळ

धागा चांगला, पण भक्तिभाव जरा जास्त होतोय. मंथरा ही ललिताबाईंची थोर भूमिका वगैरे अजिबात नाही. कुबड, काठी, पिंजारलेले पांढरे केस, मान वेळावणं, डोळे फिरवणं. बाई अर्धं वाक्य बोलायच्या आत पोरालाही कळतं की ही कारस्थानी आहे. मग कैकेयीला कसं कळत नाही? प्रभातचा 'रामशास्त्री' (१९४४) बघा. त्यात त्या आनंदीबाई आहेत, म्हणजे 'ध' चा 'मा' ज्यांच्या नावावर आहे त्या. कारस्थान तेच, राजवाडा तोच, पण कुठे आनंदीबाईंचं ते थंड बसणं आणि कुठे हा मंथरेचा थयथयाट. चाळीस वर्षं एकाच साच्यातली कामं केल्यावर कोणाचंही असंच होणार.

---

चुलबंदकाठी

तूरडाळ, आनंदीबाईंबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मंथरेबद्दल नाही.

तुम्ही ती कुठे पाहिली? मोबाइलवर, हेडफोन लावून? आम्ही पाहिली ती हातभर रुंदीच्या पडद्यावर, अख्खी ओसरी आणि निम्मं अंगण भरलेलं असताना. मागे तणसाच्या ढिगावर बसलेल्यांना आवाज निम्मा ऐकू यायचा, निम्मा खरखरीत जायचा. आणि ज्या म्हाताऱ्यांनी बोटं मोडली त्यांना हिंदी येत नव्हतं. राम-सीता काय बोलतात ते शाळेत जाणारी पोरं त्यांना सांगायची. मंथरेच्या वेळी पोरांना कोणी विचारलं नाही, बायांना सगळं कळत होतं. ही बाई मूकपटात घडलेली. शब्दावाचून मागच्या ओळीपर्यंत कसं पोचायचं हे ती १९२८ पासून शिकलेली होती आणि सत्तरी गाठल्यावर ते तिने छोट्या पडद्यावर वापरलं. तुम्ही ज्याला थयथयाट म्हणता त्याच्यावर आमचा रविवार चालला.

आणि कैकेयीला का कळत नाही? कारण मंथरा तिच्या माहेरची आहे. लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेली दासी. रामायणातच आहे, रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आधी खूश होऊन तिला दागिना देते. मंथरेला स्वतःसाठी काही नको असतं. आपल्या पोरीचं सवतीपुढे काय होणार, ही तिची धास्ती. कुठल्याही गावात सासरी नांदणाऱ्या मुलीला हळूच कानात सांगणारी माहेरची एक बाई असतेच, आणि मुलगी तिचं ऐकतेच. ललिताबाईंनी मंथरेत ती धास्ती ठेवली आहे. कैकेयीशी बोलताना आवाज कसा खाली येतो ते एकदा ऐका.

---

हार्मोनियमवाला

वडशाच्या एका नाटक मंडळात पेटी वाजवतो. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, लागली की फेब्रुवारीपर्यंत आज हे गाव, उद्या ते गाव. नाटक रात्री दहाला चढतं, कोंबडं आरवेपर्यंत चालतं. झाडीपट्टी, म्हणजे आमची ही पूर्व विदर्भातली नाटकं, म्हटलं की शहरातले नाक मुरडायचे. आमच्यातल्याच नट परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून निदान विचारतात तरी.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे जुन्या काळी बायकांची कामंही पुरुषच करायचे. आता बाया आहेत, कोणी नागपूरहून येते, कोणी इथलीच. नवीन पोरीला खाष्ट सासू नाहीतर खलनायिका दिली की ती पहिल्या तालमीला पहिली गोष्ट काय करते माहीत आहे? डावा डोळा बारीक करते. कोणी शिकवलेलं नसतं. ललिता पवार तिने बघितलेलीही नसते. तिच्या आधीच्या बाईने केलं म्हणून ती करते. कोणाच्या तरी खऱ्या दुखण्याची आम्ही नक्कल करतोय हे मला या धाग्यावर पहिल्यांदा सुचलं. आमच्या दिग्दर्शकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मंग काय कराचं? पब्लिकले थेच समजते." म्हटलं, अनाडीतलं काय समजत नाही का पब्लिकले? त्यावर चहा मागवला त्यांनी.

तूरडाळ भाऊ, तुमचं सगळं बरोबर असेल, पण खुल्या मंडपात थंड बसून दाखवा एकदा. थंडीत शाल घेऊन बसलेल्या बाया खलनायिकेला शिव्या घालायला लागल्या की मी पेटीवरूनच ओळखतो, नाटक लागलं. तिकडे एका गावात नाटक संपल्यावर सकाळी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूने सगळ्यांना पोहे-चहा दिला, आमच्या खलनायिकेला सोडून. मुद्दाम. ती बिचारी मेकअप उतरवून साधी साडी नेसून बसलेली. काकूच्या सुनेने मागच्या दाराने तिला कप आणून दिला आणि म्हणते, "ताई, तुमी रात्री जे बोलल्या ना, ते आमच्या सासूबाई रोज बोलतात." काकूचा राग कशाचा होता ते तेव्हा कळलं.

---

पळसपान

हार्मोनियमवाले, तो किस्सा!! काकू सापडल्या बरोबर. 😂

वाचनखूण साठवली आहे.

---

जुनी_रीळ

एकसाच्याची कामं, या तूरडाळ यांच्या मुद्द्यावर थोडं.

'श्री ४२०' (१९५५) मधली केळीवाली. मुंबईत नव्याने आलेल्या राजला जीव लावणारी गंगामाई. दुष्टपणाचा लवलेश नाही. त्याच वर्षीच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मधली आत्या पुरुषद्वेष्टी, भाषणं ठोकणारी, शहरी. गुरुदत्तने तिची टिंगल केली आहे आणि बाईंनी ती टिंगल स्वतःवर पूर्ण ओढवून घेतली आहे. बिमल रॉयच्या 'सुजाता'त (१९५९) शिवाशिव पाळणारी म्हातारी आत्या. ही मला मंथरेपेक्षा जास्त भीतीदायक वाटते, कारण ती ओरडत नाही, तिला आपलं वागणं धर्मच वाटतं. 'जंगली' (१९६१) मधली आई घरात हसायला बंदी करते. आणि 'प्रोफेसर' (१९६२)! तिथे ती कडक पालक शम्मी कपूरच्या म्हाताऱ्या सोंगाच्या प्रेमात पडते. आरशासमोर नटणारी, लाजणारी ललिता पवार ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आज रात्री बघावी. 'आनंद' (१९७१) मध्ये पुन्हा एक डिसा, नर्सिंग होमची मेट्रन. राजेश खन्नाला दटावते आणि त्याच्याच चेष्टेला बळी पडून हसते.

१९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो याच सगळ्याबद्दल. तेव्हा मंथरा २६ वर्षं लांब होती. १९९८ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या. पण एखादं काम रविवारी सकाळी अख्ख्या देशाच्या ओसरीत पोचलं की बाकीची शेकडो कामं त्याखाली झाकली जातात. दूरदर्शनने बऱ्याच जणांचं असं केलं. अरुण गोविलांना विचारा, रामानंतर त्यांना सिगारेट ओढताना बघणं लोकांना सोसत नव्हतं.

---

तूरडाळ

'प्रोफेसर' मान्य. तो प्रसंग फक्कड आहे. 'सुजाता'ही मान्य. पण मग माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? एवढी पट्टी असलेल्या नटीला मंथरा देऊन तिचा वरचा एकच सूर वाजवून घेतला. हार्मोनियमवाल्यांना कळेल मी काय म्हणतोय.

---

हार्मोनियमवाला

कळलं. पण मंडपात वरचा सूरच ऐकू येतो भाऊ.

---

जांभूळबन

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. नागभीडकडची आहे.

माझ्या आत्याला तिशीत लकवा मारला होता. हातपाय वाचले, पण डावा गाल आणि डोळा अधू राहिला. तलावांचा_जिल्हा यांनी सांगितलं तसंच, बोलताना डोळा बारीक होतो. आत्यासारखी प्रेमळ बाई आमच्या खटल्यात दुसरी नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीवर वीस-पंचवीस बायांची भाकर-भाजी ती एकटी करायची. पण १९८७ नंतर गावातल्या पोरांनी तिला मंथरा म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव मोठ्यांनीही उचललं. आधी मागून, मग तोंडावर. लग्नात हळद लावायला बाया बोलावतात तेव्हा तिला कोणी "येऊ नका" म्हणत नाही, फक्त हाक मारायची राहून जाते. माझ्या लग्नात मी हट्टाने पहिली हळद तिच्या हातून लावून घेतली, तेव्हा एका काकीने तोंड फिरवलेलं मी पाहिलं.

त्यामुळे तूरडाळ आणि चुलबंदकाठी ताई, तुमचा वाद वाचताना मला दोन्ही बाजूंना थोडा राग आला. अभिनय चांगला का भडक, हा पुढचा प्रश्न. पटकथा लिहिणाऱ्याला, दिग्दर्शकाला कपटी बाई हवी होती तेव्हा त्यांनी हाच डोळा का शोधला? कुबड का लावलं? कुबड तर पोथीतच आहे म्हणाल. हो, आहे. तेव्हापासूनच हे चालू आहे. ललिताबाईंना मी दोष देत नाही, त्यांना पोट होतं. पण आमच्या आत्याला त्या मालिकेने जे दिलं ते पुसलं गेलं नाही.

---

चुलबंदकाठी

जांभूळबन, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. राग रास्त आहे. पोटासाठी केलं हे खरंच, पण मला अजून एक वाटतं. ते काम ललिताबाईंनी नाकारलं असतं तर दुसऱ्या कोणा बाईचा डोळा चिकटपट्टी लावून बारीक केला असता. मंथरेचं रूप तिच्यामुळे तसं नाही, तिला त्या रूपासाठी बोलावलं गेलं. यात तिची बाजू कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते, मला नीट सांगता येत नाही.

एक विचारू? आत्यांनी 'अनाडी' पाहिलाय का?

---

अंबानगरीवाला

जांभूळबन ताई, त्या काकीचं तोंड तसंच फिरलेलं राहो, आमेन.

---

तलावांचा_जिल्हा

आत्यांच्या डोळ्याला कोरडेपणा असेल, रात्री नीट मिटत नसेल, तर इतक्या वर्षांनीही दाखवून घ्या. थेंब मिळतात. चेहऱ्याचे व्यायामही आहेत. फार फरक पडेल असं खोटं सांगणार नाही, पण जेवताना ओठातून पाणी गळत असेल तर तेवढं कमी होतं.

---

जांभूळबन

धन्यवाद, दाखवते.

चुलबंदकाठी ताई, 'अनाडी' काल रात्री दाखवला. तिच्या घरी नेट येत नाही म्हणून फोनवर उतरवून नेला होता. कोण आहे हे आधी सांगितलं नाही. मिसेस डिसा आली तशी आत्याने फोन हातात घेतला आणि डोळ्याजवळ धरला. "हे मंथरा हाये ना?" म्हणाली. म्हटलं हो. मग शेवटपर्यंत बोलली नाही. कंपनीच्या भेसळीच्या औषधाने मिसेस डिसा मरते तिथे "अगं माय" एवढंच म्हणाली. मी वाट बघत होते की आता काही म्हणेल, रडेल, काहीतरी.

सिनेमा संपल्यावर म्हणते, "बाई चांगली होती. पन भाडं वसूल कराले पायजे होतं तिनं. एवढी माया करून खोली फुकट देते का कोनी?" आमच्या आत्याच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, मास्तर लोक राहतात, आणि पाच तारखेच्या पुढे ती कोणाचं ऐकून घेत नाही.